हाताचा गुण

वैद्यबाईंच्या औषधानं सगळ्यांचे गुडघे बरे झाले, फक्त वैद्यबाईंचे सोडून. ही त्या रस्त्यावरची जुनी थट्टा होती आणि ती सगळ्यांत जास्त वेळा स्वतः वैद्यबाईच करायच्या. दुकानाच्या पायऱ्या चढताना त्या कठडा धरायच्या, प्रत्येक पायरीवर एक 'आई गं' सोडायच्या आणि वर पोचल्या की बाकावरच्या पेशंटांकडे बघून म्हणायच्या, "हसा, हसा! माझ्या हाताला गुण आहे तो तुमच्यासाठी. घरात वापरायला मिळालेला नाही."

लोक हसायचे, कारण त्यांना हसायला काय जात होतं? त्यांचे सांधे चालत होते. गवंडी पुन्हा परांचीवर चढला होता, शिंपीणबाईंचं मशीन पुन्हा सुरू झालं होतं, आणि दोन खोल्यांत अडकून पडलेली कितीतरी म्हातारी माणसं बाजारात भाव करत फिरत होती. या सगळ्याला कारण एकच, वैद्यबाईंची ती करड्या रंगाची कडू पूड. सकाळी एक चिमूट, संध्याकाळी एक चिमूट, कोमट पाण्याबरोबर. चार दिवसांत माणूस हलका. पुढे गाल भरायचे, चेहरा गोल व्हायचा, भूक अशी लागायची की घरचे चकित. "अंगी लागलं हो औषध," म्हणत वैद्यबाई त्या भरलेल्या गालांकडे कौतुकानं बघायच्या. या गालांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा, असं तेव्हा कुणी त्यांना सुचवलं असतं, तर त्यांनी त्या शहाण्याला पायऱ्यांवरून खाली घालवला असता. दुखऱ्या गुडघ्यांनिशी.

पूड त्यांच्या वडिलांची. वडील जुन्या चालीचे वैद्य, शब्दाचे पक्के आणि जिभेचे तिखट. त्यांचा एक नियम होता. नवी कुटाई झाली की पहिला भरायचा तो घरचा डबा, मग दुकानाचा. घरात कुणाचं काही दुखो न दुखो, औषध देणाऱ्यानं त्यातली चिमूट स्वतः रोज घ्यायची. "जे आपल्या पोटात जाणार आहे, त्यात माणूस भलतंसलतं घालत नाही," असं ते म्हणायचे. वैद्यबाईंनी हा नियम जिवापाड जपला. घरचा पितळी डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर, दुकानाचा पत्र्याचा डबा टेबलावर, आणि दोन्हींत एकाच खलातली पूड. रोज सकाळी त्या पितळी डब्यातली चिमूट घ्यायच्या, आणि रोज सकाळी गुडघे कालच्यासारखेच कुरकुरायचे.

कुटायचं काम त्यांच्या यजमानांकडे होतं. रस्ताभर त्यांना 'कंपाउंडर' म्हणत, कारण बरीच वर्षं ते कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टर म्हातारे झाले, दवाखान्याला कुलूप लागलं, पण नाव यांना चिकटलं ते चिकटलंच. वैद्यबाईंना ते मुळीच खपत नसे. एखादा पेशंट सहज म्हणून जायचा, "कंपाउंडरना सांगा, पुडी जरा घट्ट बांधा," की बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्याच.

"कंपाउंडर कुणाचे? माझे? माझे यजमान आहेत ते. काका म्हणा, दादा म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका. पण माझ्या दुकानात त्यांना कंपाउंडर म्हणायचं नाही!"

कंपाउंडर मागच्या खोलीच्या दारात फडक्याला हात पुसत मिशीत हसायचे. त्यांचं त्या नावाशी काही भांडण नव्हतं. माणूस गोड. बायकोच्या गुडघ्यांना रोज संध्याकाळी तेल चोळून देणारा नवरा त्या रस्त्यावर दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट इतर बायकांनी आपापल्या नवऱ्यांना ऐकवून ऐकवून त्या बापड्यांना हैराण केलं होतं.

सुरुवातीला वैद्यबाई स्वतःच कुटायच्या. वडील नुकतेच गेले होते, आणि लोक तोंडावर म्हणत होते, "बाबांच्या हाताची गोष्टच वेगळी होती." मनगट सुजेपर्यंत कुटलेली पूड त्या द्यायच्या, पेशंट दोनदा यायचा आणि तिसऱ्यांदा तोंड दाखवायचा नाही. बाक रिकामा पडू लागला. रिकाम्या बाकासमोर बसून बाई पदरानं डोळे पुसायच्या. नेमका त्याच सुमारास कोपऱ्यावरचा दवाखाना बंद झाला आणि यजमान म्हणाले, "तू पेशंट बघ, कुटायचं माझ्यावर सोड. धूळ उडते, तुला खोकला होतो. मी दार लावून घेत जाईन." आणि काय नवल, तो गवंडी, ज्याला दोघांनी धरून आणलं होतं, तो आठवड्याच्या आत आपल्या पायांनी सांगायला आला. त्या दिवशी वैद्यबाई वडिलांच्या फोटोसमोर उभ्या राहून पोटभर रडल्या. आला एकदाचा हाताला गुण, असं त्यांना वाटलं. तेव्हापासून बाक कधी रिकामा राहिला नाही.

मग एक दिवस मोठ्या हॉस्पिटलच्या हाडांच्या डॉक्टर दुकानात आल्या. वयानं बाईंच्या मुलीसारख्या, केस आखूड, बोलणं सरळ. पेशंटांच्या रांगेत बाकावर बसल्या आणि नंबर आल्यावरच बोलल्या.

"मावशी, माझे पेशंट तुमच्या पुड्या खातात आणि माझ्यापासून लपवतात. तुमचे पेशंट माझ्या गोळ्या खातात आणि तुमच्यापासून लपवतात. आपण दोघी एका खोलीत बसलो तर निदान ही लपवाछपवी तरी थांबेल."

 याच हॉस्पिटलच्या दारातून वैद्यबाईंच्या वडिलांना एकदा शिपायानं हटकून बाहेर काढलं होतं. आपल्याच एका पेशंटला बघायला गेले होते बिचारे. घरी येऊन ते पाणीसुद्धा न पिता बसून राहिले होते. आणि आज त्याच हॉस्पिटलची डॉक्टर आपल्या बाकावर बसून आपल्याला बोलावते आहे! डॉक्टरांच्या अटी तीनच होत्या. पूड आधी तपासून घ्यायची, आणि हॉस्पिटलात जी द्यायची ती हॉस्पिटलातच, सगळ्यांच्या देखत कुटायची. शिवाय एकदा ती सुरू झाली की पेशंटनं बाहेरची पूड घ्यायची नाही, म्हणजे कशानं काय होतंय ते दोघींनाही कळेल. अटी रास्त होत्या. बाईंनी तिथल्या तिथे होकार दिला.

कंपाउंडरांचा चेहरा मात्र उतरला. "कशाला त्या फंदात पडतेस? आपलं बरं चाललंय."

"अहो, बाबांना ज्या दारातून काढलं, त्या दारावर माझी पाटी लागणार आहे!"

 तपासणीसाठी वैद्यबाई टेबलावरच्या डब्यातली पूड बाटलीत भरायला लागल्या, तर कंपाउंडरांनी हात धरला. "तो डबा दिवसभर उघडा असतो, धूळ बसते त्यात. घरच्या डब्यातली दे. कुटाई एकच आहे." किती बारीक लक्ष या माणसाचं, असं बाईंच्या मनात आलं आणि त्यांनी पितळी डबा काढला.

तपासणीत पूड सोन्यासारखी उतरली. मुळ्या, साली, सुंठ. ना कसला धातू, ना कसली भेसळ. वैद्यबाई तो कागद घेऊन थेट कुटायच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी यजमानांना मोठ्यानं वाचून दाखवला.

"शुद्धच आहे ती," कंपाउंडर खाली बघत म्हणाले.

हॉस्पिटलात तळमजल्यावर खोली मिळाली. दारावर पाटी, 'एकत्र उपचार'. आत दोन टेबलं, एक तपासायचा पलंग, आणि कोपऱ्यात गुडघ्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल, ज्याच्याकडे बघून वैद्यबाई म्हणायच्या, "याचं बरं आहे, दुखत नाही." काम झकास चाललं. डॉक्टर हाडांचे फोटो काढायच्या, वजन करायच्या, व्यायाम शिकवायच्या; बाई नाडी बघायच्या, जीभ बघायच्या, खाणंपिणं विचारायच्या आणि पूड द्यायच्या. कंपाउंडरांनाही तिथं कुटायला बोलावलं होतं, पण "लोकांच्या नजरेखाली मला काम जमत नाही" म्हणून ते आलेच नाहीत. बाईंना वाटलं, पुरुषाचा स्वाभिमान, दुसरं काय. त्यांनी दुकानाचा डबा बंद केला, जुन्या पेशंटांना निरोप धाडले, आणि अख्खा बाक उठून हॉस्पिटलात आला. सगळ्यांच्या पुढे ताई.

ताई म्हणजे वैद्यबाईंची थोरली बहीण. आई लवकर गेली म्हणून हिनंच धाकटीच्या वेण्या घातलेल्या, हिनंच तिला दटावलेलं. आता सुनेकडे, दोन गल्ल्या पलीकडे राहायची, आणि धाकटीची पूड वर्षानुवर्षं मोठ्या तोऱ्यात घ्यायची. भेटेल त्याला सांगायची, "माझ्या बहिणीच्या हातचं आहे." हॉस्पिटलची पूडही तिनंच पहिली घेतली.

आणि मग सगळंच बिनसलं. एकेक पेशंट तोंड वाकडं करून यायला लागला. दुखणं परत आलंय, पहिल्यापेक्षा दुप्पट. अंगात त्राण नाही. खाल्लेलं पोटात ठरत नाही. "हॉस्पिटलची पूड अगदीच पांचट हो बाई, दुकानातली द्या." वैद्यबाईंनी आधी हॉस्पिटलातल्या कुटायच्या मशीनला दोष दिला, मशीन तापतं, औषध जळतं. मग सुजऱ्या मनगटानं त्यांनी स्वतः खल धरला, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत कुटलं. फरक शून्य. मग मात्र त्या मनातून हादरल्या.

"अहो, माझा हात गेला का हो?" संध्याकाळी तेल लावून घेताना त्यांनी विचारलं.

"हात कुठे जातोय," कंपाउंडर गुडघा चोळत म्हणाले. "दुकान परत सुरू कर. मी कुटतो. सगळं पूर्वीसारखं होईल." बाईंना इतकं भरून आलं की त्यांनी त्यांच्या तेलकट हातावर आपला हात ठेवला.

दोनच दिवसांनी सकाळी ताईच्या सुनेनं ताईला गाडीत घालून हॉस्पिटलात आणलं. चार दिवस उलट्या चालल्या होत्या आणि म्हातारी कुणाला सांगत नव्हती. धाकटीच्या औषधाला बोल लागेल म्हणून. न्हाणीघराच्या दारात कोसळली तेव्हा कळलं. हात बर्फ, डोळे अर्धे मिटलेले, रक्तदाब जवळजवळ लागत नव्हता. वैद्यबाईंनी नाडीवर बोटं ठेवली आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी ताईचा गोल चेहरा बघितला, हातावरची कागदासारखी पातळ कातडी बघितली, तिच्यावरचे निळे डाग बघितले आणि मान वर करून विचारलं, "मावशी, या किती वर्षं स्टिरॉइड घेतायत?"

"काय? अहो, आमची ताई डोकेदुखीची साधी गोळी घेत नाही!"

डॉक्टर वाद घालायला थांबल्या नाहीत. त्यांनी सलाईन लावलं, सुई टोचली, आणि दुपारपर्यंत त्या ताईच्या उशाशी उभ्या होत्या. उन्हं कलायच्या आधी ताईनं डोळे उघडले. बहिणीला बघून तिचे ओठ हलले. वैद्यबाई कान लावून वाकल्या.

"तुझी जुनी पुडी दे गं," ताई पुटपुटली. "ही हॉस्पिटलची नको."

डॉक्टरांनी वैद्यबाईंना बाहेर बाकावर बसवलं आणि सावकाश सांगितलं. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. योग्य माणसाला, मापानं, लक्ष ठेवून दिलं तर जीव वाचवतं. आत्ता ताईला तेच टोचलंय. पण कुणी वर्षानुवर्षं बिनमापाचं घेतलं तर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं पोखरतात. आणि त्याहून वाईट म्हणजे, शरीर जे स्वतः तयार करतं तेच करायचं सोडून देतं. मग बाहेरचं येणं एकाएकी बंद झालं की माणूस असा कोसळतो.

"दुकानाची पूड बंद केल्यावरच यांना त्रास सुरू झाला," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीच्यांनाही."

वैद्यबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुम्ही माझ्या औषधाला भेसळ म्हणताय? तुम्हीच तपासलीत ना? कागद तुमचाच आहे!"

"हो. तुम्ही आणून दिलेली पूड तपासली. मी स्वतः दुकानातून उचलायला हवी होती, ती माझी चूक. ताईंकडे जुनी पुडी उरली असेल?"

उरली होती. सुनेनं ती ताईच्या बटव्यातून आणून दिली आणि दुसऱ्या दिवशी तिचा निकाल आला. मुळ्या, साली, सुंठ, आणि त्यात दळलेलं स्टिरॉइड. थोडंथोडकं नव्हे.

वैद्यबाईंनी निकाल ऐकला. दुकानाची पुडी अशी आणि बाटलीतली पूड तशी. कुटाई एकच. मग बाटलीत भरली होती कुठली? घरच्या डब्यातली. कुणी सांगितलं होतं? आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष आपल्या गुडघ्यांकडे गेलं. इतकी वर्षं सगळ्या रस्त्याला आराम पडला आणि यांना पडला नाही. इतकी वर्षं ज्यावर आपण सगळ्यांना हसवलं, तो विनोद नव्हताच. 

त्या घरी आल्या तेव्हा कंपाउंडर कुटायच्या खोलीत होते. दुकान बंद, खल कोरडा, तरी हे आपले खलापाशी बसलेले. बाईंनी दार लोटलं. त्या दाराशी वर्षानुवर्षं त्या कधी टकटकही न करता परत फिरायच्या. धूळ उडते ना! त्यांनी ताईची ती उरलेली पुडी खलाच्या काठावर ठेवली.

"यात काय आहे?"

कंपाउंडरांनी पुडीकडे बघितलं. "ताई कशा आहेत?"

"जिवंत आहे. यात काय आहे?"

ते खोटं बोलले नाहीत, एवढं मात्र म्हणायला हवं. "त्या डॉक्टरांकडे असताना बघितलं होतं मी. आखडलेली माणसं त्या पांढऱ्या गोळीनं उठून चालायला लागायची. आणि इथं तू रिकाम्या बाकासमोर बसून रडायचीस. मला बघवेना गं. पहिल्यांदा त्या गवंड्यापुरतंच केलं. म्हटलं, एक माणूस उठला की हिच्या जिवाला उभारी येईल. मग बंद करू."

"मग?"

"मग तू बाबांच्या फोटोसमोर जाऊन रडलीस. आनंदानं. आता सांग, कसं बंद करणार होतो मी?"

वैद्यबाई भिंतीला टेकल्या. खोलीत मुळ्यांचा तोच ओळखीचा वास होता आणि त्यांना त्याची शिसारी आली.

"आणि असं बघ," कंपाउंडर हळूच म्हणाले, "तुमच्या त्या खोलीवर पाटी काय आहे? एकत्र उपचार. मीही तेच केलं. तुझ्या बाबांचं आणि माझ्या डॉक्टरांचं एकत्र. तेव्हा पाटी नव्हती, एवढंच."

"आम्ही पेशंटला सांगून करतो!" बाई कडाडल्या. "रक्त बघून, साखर बघून, समोर बसवून! तुम्ही दार लावून केलंत! माझ्या हातानं वाटलंत आणि मलाच कळू दिलं नाहीत!" मग एकदम आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "घरच्या डब्यात का नाही घातलंत?"

"त्यात कधीच नाही घातलं. शपथ घेऊन सांगतो. आधी घरचा डबा भरायचो, मगच—"

"का?"

"का म्हणजे काय?" कंपाउंडर खरोखरच चकित होऊन म्हणाले. "तुला कसं देईन मी ते? हाडं पोखरतात त्यानं."

बोलून गेले आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. तोंड उघडंच राहिलं. वैद्यबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. म्हणजे अजाणता नाही. नेमकं काय होतं ते माहीत असून, रोज, मिशीत हसत, फडक्याला हात पुसत. बायकोसाठी एक डबा आणि जगासाठी दुसरा. यापेक्षा मलाही तेच खायला घातलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं आणि ते अगदी मनापासून वाटलं.

"ताईला दिलंत," त्या म्हणाल्या.

"ताई रडत होत्या दुखण्यानं. तूच म्हणालीस, काहीतरी करा—"

"ताईला दिलंत तुम्ही ते. माझ्या आईच्या जागी आहे ती. केसानं गळा कापलात माझा."

कंपाउंडर उठून जवळ आले. "ऐक. डॉक्टरांना सांग, माल देणाऱ्यानं भेसळ केली. मुळ्या बाहेरूनच येतात, कोण शोधायला जातंय? तुझं नाव राहील. बाबांचं नाव राहील."

खोटं कशाला बोला, एक क्षण वैद्यबाईंना ते पटलं. सहज खपलं असतं. माल देणारा चार गावं फिरणारा माणूस, कुणाच्या लक्षातही नव्हता. पाटी राहिली असती, बाक राहिला असता, आणि संध्याकाळी तेल चोळायला हा माणूसही राहिला असता. त्या वळल्या. पायऱ्यांपाशी कंपाउंडरांनी सवयीनं हात पुढे केला, "धर मला, पडशील." बाईंनी कठडा धरला आणि एकेक पायरी उतरल्या. त्या दिवशी 'आई गं' मात्र तोंडातून निघालं नाही. रात्री त्या ताईच्या पलंगाशेजारीच राहिल्या.

सकाळी त्या डॉक्टरांसमोर बसल्या. "आजपासून सगळ्यांना सांगते, जुनी पुडी कुणी हातात धरायची नाही. फेकून द्या म्हणते."

"नाही, मावशी!" डॉक्टर जवळजवळ ओरडल्याच. "कुणाकडे उरली असेल आणि चोरून घेत असतील, तर त्यांनी एकाएकी सोडली की त्यांचीही ताई होईल. सगळ्यांना इथं बोलवा. मी प्रत्येकाला मोजून गोळी देईन आणि हळूहळू कमी करत नेईन. महिने लागतील. आणि मला हे वर कळवावं लागेल, तेही तुम्हाला माहीत असू दे."

"कळवा," वैद्यबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टर, बाबांच्या औषधात काही होतं का हो? की तेही..."

डॉक्टर म्हणाल्या, "ते आपल्याला माहीत नाही. इतकी वर्षं तुमचं औषध तुमच्याशिवाय कुणी घेतलंच नाही."

बाईंनी मान डोलावली. 

निरोप गेले, आणि दुसऱ्या दिवशी 'एकत्र उपचार'च्या दाराबाहेर जुना बाक जसाच्या तसा येऊन बसला. सगळ्यांत पहिला आत आला तो गवंडी. आता पिकलेला, गाल तेवढे गोल. खुर्चीत बसला आणि त्यानं घसा खाकरला.

"बाई, लोक काहीबाही बोलतायत. तुमच्या पुडीत काही होतं म्हणे."

"होतं. स्टिरॉइड होतं. डॉक्टर सांगतील त्याचं काय करायचं ते. त्या देतील ती गोळी चुकवायची नाही, एक दिवससुद्धा."

"पण गुण आला होता की, बाई! मी परांचीवर चढलो. तुमच्या हाताला—"

"नव्हता," वैद्यबाई म्हणाल्या. "माझ्या हाताला गुण नव्हता. मलाही आत्ताच कळलं."

गवंडी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. रागवावं की हिचं सांत्वन करावं, ते त्याला ठरवता येईना.  दार उघडंच होतं. तेवढ्यात बाकापलीकडून कुणीतरी वाट काढत आलं आणि दारात उभं राहिलं. कंपाउंडर. हातात पितळी डबा. परवापासून ही घरी आली नाही, सकाळची चिमूट चुकली असेल, म्हणून तो घेऊन आलेले. चेहऱ्यावर तीच काळजी, तोच गोडवा, आणि डब्याचं झाकण फडक्यानं घट्ट बांधलेलं.

"मग घातलं कुणी?" गवंड्यानं विचारलं. "माल देणाऱ्यानं का?"

कंपाउंडर बायकोकडे बघत होते. डॉक्टरही बघत होत्या. वैद्यबाईंचे गुडघे टेबलाखाली ठणकत होते. त्यांनी त्यांवर दोन्ही हात दाबून धरले.

"आमच्या कंपाउंडरनं," त्या म्हणाल्या. "ते बघा, दारात उभे आहेत."